घरांतला नवशिका आणि आपला अभिप्राय

घरांतील एखाद्या व्यक्तीनें कोणतीहि कला नव्यानें शिकावयास घेतली म्हणजे तिचा पहिला श्रोतृवर्ग घरचाच असतो. मुलानें काढलेलें चित्र प्रथम आई पाहते. मुलीनें बसविलेलें गाणें प्रथम आजीच्या कानांवर पडतें. त्या पहिल्या श्रोत्यांच्या तोंडून जो शब्द निघतो, त्याचें वजन पुढें मिळणाऱ्या पुष्कळ बक्षिसांपेक्षां अधिक असतें. असें असूनहि हा शब्द कसा उच्चारावा याचा विचार आपल्या सुशिक्षित घरांत फारसा होत नाहीं. पाहुण्यांशीं कसें बोलावें, वडीलधाऱ्यांपुढें कसें वागावें, याचे धडे आपण मुलांना देतों. परंतु मुलांनीं केलेल्या कृतीविषयीं वडीलधाऱ्यांनीं कसें बोलावें, याचा धडा कोणी कोणास देत नाहीं. या महिन्यांत त्या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचा विचार आहे.

विवेचनासाठीं एक अगदीं नवा छंद उदाहरणादाखल घेऊं. त्याला 'चिपट्यून' असें नांव आहे. टीव्हीला जोडून खेळावयाचे व्हिडिओ गेम पुष्कळ वाचकांना आठवत असतील. आपल्याकडे १९९० च्या दशकांत ते मध्यम स्थितींतल्या घरांतूनहि येऊन गेले. खेळ चालूं असतां त्यांतून जें टुणटुणतें संगीत ऐकूं येई, तें कोणी वाजवून भरून ठेवलेलें नसे. यंत्रांतली एक लहानशी चिप तें त्याच क्षणीं निर्माण करी. १९८२ सालच्या कमोडोर ६४ या संगणकांत असे तीनच स्वरमार्ग होते. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ सालच्या यंत्रांत पांच होते: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक निव्वळ खरखरीचा आणि एक नोंदवून ठेवलेल्या ध्वनींच्या तुकड्यांसाठीं. एका मार्गावर एका वेळीं एकच सूर. एवढ्या तुटपुंज्या सामग्रींत त्या काळच्या संगीतकारांनीं अशा चाली बांधल्या, कीं त्या आजहि लोकांच्या तोंडीं आहेत. हल्लींचे कित्येक तरुण ही मर्यादा हौसेनें पतकरून, जुन्या यंत्रांवर किंवा साध्या संगणकावर तसेंच संगीत रचतात. त्यासाठीं ना मोठें वाद्य लागतें, ना वेगळी खोली. म्हणून हा छंद नाशिकच्या वाड्यांत, किंवा वाडे पाडून उठलेल्या इमारतींतल्या एखाद्या घरांतहि केव्हां शिरेल, हें सांगतां यावयाचें नाहीं.

समजा, असा एक सोळा वर्षांचा मुलगा आपली पहिली दीड मिनिटाची रचना घेऊन दिवाणखान्यांत येतो. आजोबा म्हणतात, "हें काय टिंवटिंव लावलें आहेस?" काकू स्वयंपाकघरांतूनच म्हणतात, "छान आहे हो!" थोरला चुलतभाऊ म्हणतो, "असलें आतां कोण ऐकतो?" आणि आई म्हणते, "परीक्षा झाल्यावर काय तें कर." चौघांनाहि मुलाविषयीं माया आहे, आणि चौघांपैकीं एकानेंहि ती रचना ऐकलेली नाहीं. आजोबांनीं वाद्याविषयीं मत दिलें, काकूंनीं मुलाविषयींचें प्रेम बोलून दाखविलें, भावानें बाजारभाव सांगितला, आणि आईनें वेळापत्रक. रचनेविषयीं अक्षरहि निघालें नाहीं. असें तीन-चार वेळां झालें म्हणजे तो मुलगा कानांना हेडफोन लावून दार लोटून घेतो, आणि मग घरचीं माणसें म्हणतात, "अलीकडे हा आमच्याशीं कांहीं बोलतच नाहीं." दार कोणीं लावलें याचा विचार मागाहून करण्यांत अर्थ नसतो.

यांतली पहिली चूक म्हणजे साधनावरचें मत कृतीवर लादणें. या बाबतींत आपल्या पेटीचा इतिहास बोधप्रद आहे. हार्मोनियमचे सूर ठराविक पट्ट्यांत बसविलेले; दोन सुरांमधली मींड तींत निघत नाहीं, श्रुतींचे भेद दाखवितां येत नाहींत. या कारणावरून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीला बंदी केली, आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाहीं. आक्षेप खोटा नव्हता. पेटींत ती उणीव आहेच. पण त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं असें काम करून ठेवलें, कीं जाणकारांनीं मान डोलवावी. साधनाची मर्यादा ही साधनाची असते. तिच्या आंत राहून वाजविणारानें काय साधलें, एवढाच प्रश्न अभिप्राय देणाराच्या पुढें असतो. चिपमध्यें तंबोऱ्याची आंस शोधूं नये. उलट, तीन मार्गांवर तीन सूर एकदम धरण्याऐवजीं एकाच मार्गावर ते इतक्या त्वरेनें एकामागून एक फिरवावयाचे, कीं कानाला ते एकत्रच वाटावेत, अशी एक युक्ति या संगीतांत आहे. ती कशासाठीं निघाली हें कळल्यावर ऐकणाराच्या कानालाहि गोडी लागते.

दुसरी चूक काकूंची. आणि ती अधिक घातक, कारण ती गोड आहे. केवळ 'छान' हा शब्द ऐकून नवशिक्याला पुढें काय करावें हें कळत नाहीं. काय छान? सुरुवात, मध्य, कीं लवकर संपलें हें? आपल्या जुन्या मैफलींत दाद देण्याची जी रीत होती, आणि आजहि आहे, ती या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे. जाणता श्रोता गाणें संपेपर्यंत थांबून मग प्रमाणपत्र देत नाहीं. गवई तानेचा पल्ला घेऊन अचूक समेवर येतो, त्याच क्षणीं श्रोत्याचा हात उठतो, तोंडून 'वाहवा' निघते; एखादा कोमल सूर नेमका लागतो, त्याच क्षणीं मान हलते. शब्द तोच असतो, पण तो कोणत्या जागेला मिळाला हें गाणाराला बिनचूक कळतें. आणि जेथें दाद यावयास हवी होती तेथें ती आली नाहीं, हेंहि त्याला कळतें. दादेची किंमत शब्दांत नसून जागेंत असते. 'छान' म्हणावयाचेंच असेल तर तें जागा दाखवून म्हणावें.

जागा दाखविण्याच्या या कामीं नाशिकशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे अशा एका पुरुषाचें आपल्यावर मोठें ऋण आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर हे १८७२ सालीं कुरुंदवाड येथें जन्मले, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकले, आणि ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. उत्तर आयुष्यांत ते पंचवटींत रामनाम आधार आश्रम काढून राहिले. त्यांच्या आधीं गाणें शिकावयाचें म्हणजे गुरूच्या घरीं वर्षानुवर्षें राहून, गुरूच्या मर्जीनें, कानांवर पडेल तेवढें टिपावयाचें. विष्णु दिगंबरांनीं वर्ग काढले, अभ्यासक्रम आंखला, परीक्षा ठेविल्या, आणि चिजा स्वरलेखनांत उतरवून पुस्तकें छापलीं. त्यांच्या निधनानंतर १९३१ सालीं स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आजहि हजारों मुलें देतात. स्वरलेखनावर पुष्कळांनीं आक्षेप घेतला, कीं कागदावर गाणें उतरत नाहीं. तें खरेंच आहे. पण कागदावर एक गोष्ट मात्र निश्चित उतरते, ती म्हणजे जागा. 'तुझा अंतरा बिघडला' या वाक्याऐवजीं 'अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळींत नवव्या मात्रेवर गंधार उतरतो' असें वाक्य शिक्षकाला बोलतां येऊं लागलें. पहिल्या वाक्यानें विद्यार्थी खट्टू होतो. दुसऱ्यानें तो पुन्हां गाऊं लागतो.

गंमत अशी, कीं चिपट्यून रचणाराहि जवळजवळ असल्याच लेखनपद्धतीचा अवलंब करितो. 'ट्रॅकर' नांवाच्या ज्या प्रणालींत हें संगीत लिहितात, तिचा पहिला प्रकार १९८७ सालीं कार्स्टन ओबार्स्की या जर्मन गृहस्थानें तयार केला. तींत प्रत्येक स्वरमार्गाचा एक उभा रकाना असून काळ वरून खालीं ओळींनीं मोजला जातो. एका पानावर अशा ६४ ओळी. चार ओळींची एक मात्रा धरली तर तें बरोबर त्रितालाचें एक आवर्तन होतें. म्हणजे नातवाच्या संगणकावर जें विचित्र कोष्टक दिसतें, तें संगीत-विशारद झालेल्या आत्याबाईंना पांच मिनिटांत वाचतां येण्याजोगें आहे. दोघांनीं शेजारीं बसून तें एकदां वाचून पाहावें. एका पिढीचा कान आणि दुसऱ्या पिढीचें यंत्र यांची ओळख होण्यास याहून चांगलें निमित्त मिळावयाचें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "आम्हांला संगीतांतलें कांहीं कळत नाहीं, आम्ही काय सांगणार?" ही सबब बरोबर नाहीं. रोगी वैद्याकडे जातो तेव्हां कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, हें त्यानें सांगावयाचें असतें. औषध वैद्य ठरवितो. ऐकणाराची भूमिका रोग्याची आहे. "येथें मला कंटाळा आला," "येथें पाय आपोआप हलला," "हा तुकडा चौथ्यांदा आला तेव्हां पुढचें मला आधींच कळलें," "खरखरीच्या ठेक्याखालीं चालच ऐकूं आली नाहीं," हीं वाक्यें बोलण्यास विशारद व्हावें लागत नाहीं. आणि अशा बाबतींत ऐकणाराचें म्हणणें खोटें ठरवितां येत नाहीं, कारण तो आपला अनुभव सांगत असतो. घोंटाळा होतो तो रोगी औषधहि सांगूं लागला म्हणजे. "यांत बांसरी घाल," "एखादें भावगीतच कां नाहीं बसवीत?" असें म्हटलें कीं नवशिका दुखण्याची जागाहि विसरतो आणि औषधावरून वाद घालूं लागतो. जो जाणकार आहे त्यानें उपाय अवश्य सुचवावा. पण त्यानेंहि आधीं दुखणें सांगावें आणि मग उपाय.

जाणकाराच्या उपायाची उत्तम रीत तालमींत दिसते. गुरु शिष्याच्या चुकीवर व्याख्यान देत बसत नाहीं; तीच जागा आपण गाऊन दाखवितो आणि म्हणतो, "आतां म्हण." आत्याबाईंनीं "तुझी सम कळत नाहीं" असें नुसतें न म्हणतां टाळी देऊन ती चाल एकदां गुणगुणून दाखविली, तर मुलाला दहा वाक्यांचें काम एका टाळींत मिळतें. आणखी एक पथ्य असें, कीं एका बैठकींत एकच दुखणें सांगावें. नवशिक्याच्या कामांत दोष दहा असतातच. ते दहाहि एकदम ऐकून सुधारेल असा मनुष्य विरळा. जो दोष दूर झाल्यानें बाकीचे निम्मे आपोआप कमी होतील, तो आधीं निवडावा. या संगीतांत पुष्कळदां असें दिसतें, कीं तिन्ही मार्ग एकाच सप्तकांत गर्दी करितात आणि कोणालाच श्वास घेण्यास जागा उरत नाहीं. तेवढें एक सुटलें, तर चाल, ठेका आणि खर्ज हीं तिन्हीं वेगळीं ऐकूं येऊं लागतात.

आतां घेणाराकडे वळूं. कारण अभिप्राय घेणें हीहि शिकण्याची गोष्ट आहे. रचना ऐकविण्यापूर्वीं "अजून कच्ची आहे," "यंत्र नीट नाहीं," असे खुलासे करूं नयेत. त्यानें ऐकणाराचें मन आधींच सौम्य होतें आणि खरें उत्तर मिळत नाहीं. "कसें वाटलें?" असें मोघम विचारूं नये, मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतें. "मधला भाग लांबला का?" किंवा "शेवट झाला हें कळलें का?" असा एक नेमका प्रश्न विचारावा. उत्तर आल्यावर समर्थन करूं नये. श्रोत्यानें "मला कंटाळा आला" म्हटल्यावर "तो कसा यावयास नको होता" हें सिद्ध करून काय मिळणार? वहींत टिपून ठेवावें आणि दोन दिवसांनीं, मन निवल्यावर, वाचावें. एकानें सांगितलेलें नुसतें ऐकून ठेवावें; पण परस्परांशीं न बोलतां तिघांनीं एकाच जागीं बोट ठेविलें, तर तेथें कांहीं तरी आहे हें निश्चित समजावें, मग तिघांचे उपाय परस्परविरुद्ध कां असेनात. आणि सर्वांचें ऐकून घेतल्यावर काय बदलावें व काय तसेंच ठेवावें हा निर्णय मात्र स्वतःचाच असूं द्यावा.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय, ज्यांना रसिक डी. व्ही. पलुस्कर म्हणून ओळखतात, त्यांचा जन्म २८ मे १९२१ रोजीं नाशिकासच झाला. १९३१ सालीं पितृछत्र गेलें तेव्हां ते दहा वर्षांचे होते. पुढें विनायकबुवा पटवर्धन व नारायणराव व्यास या पित्याच्याच शिष्यांकडून त्यांना विद्या मिळाली, आणि १९३५ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनांत ते प्रथम श्रोत्यांपुढें आले. एवढ्या मोठ्या पित्याचा मुलगा, आणि शिकविणारे असे दोन मान्यवर गवई. तुलनेचें ओझें याहून जड कोणाच्या खांद्यावर असेल? तरी पुढें त्यांचें जें गाणें महाराष्ट्रानें ऐकलें, तें ना पित्याची नक्कल होतें, ना गुरूंची. तो स्वच्छ, मधुर, प्रसन्न आवाज त्यांचा स्वतःचा होता. १९५५ सालीं अवघ्या चौतिसाव्या वर्षीं ते गेले. परंतु त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजहि घरोघर ऐकल्या जातात. शिस्त दुसऱ्याकडून घ्यावयाची, पण आवाज आपलाच ठेवावयाचा, हें त्यांच्या गाण्यावरून कळतें.

नवशिक्यानें दुसऱ्या नवशिक्याला अभिप्राय देणें हाहि अभ्यासाचाच एक भाग आहे. "मलाच येत नाहीं, मी दुसऱ्याला काय सांगूं?" हा विनय येथें उपयोगी नाहीं. मित्राची रचना तीनदां लक्षपूर्वक ऐकून, एक जागा आवडल्याची आणि एक जागा अडल्याची कारणासह लिहून पाहावी. दुसऱ्याच्या रचनेंतला दोष नांव घेऊन सांगतां आला, म्हणजे स्वतःच्या रचनेंत तोच दोष आठवड्याभरांत दिसूं लागतो. आपल्या कामाकडे आपण प्रेमानें पाहतों. दुसऱ्याच्या कामाकडे कानानें. तो कान मग आपल्या कामाकडे वळवितां येतो.

एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें दोन-तीन सूचना करून हा लेख पुरा करितों. पहिली अशी, कीं घरांत चार माणसें ऐकावयास बसलीं तर सर्वांत धाकट्यानें आधीं बोलावें आणि वडिलांनीं शेवटीं. आजोबांचें मत एकदां पडलें कीं सून, नातू, पुतण्या यांपैकीं कोणी वेगळें बोलत नाहीं. मग चार अभिप्रायांऐवजीं एकच अभिप्राय चार वेळां मिळतो. दुसरी, पाहुण्यांपुढें दोष काढूं नयेत, आणि पाहुण्यांपुढें हट्टानें वाजवावयासहि लावूं नये. तिसरी, चुलतभावंडांची तुलना करूं नये. "तुझी बहीण या वयांत प्रवेशिका पूर्ण झाली होती" या वाक्यानें कोणाचेंहि गाणें सुधारलेलें नाहीं; भावाबहिणींत मात्र अंतर पडतें.

आणि शेवटची सूचना अशा नवशिक्यांविषयीं, ज्यांचा आपण नवशिके म्हणून विचारच करीत नाहीं. लहान मुलाला चुकण्याची मुभा असते. पण चाळिसाव्या वर्षीं पेटी शिकावयास बसलेली सून, किंवा सेवानिवृत्तीनंतर बांसरी हातीं घेतलेले आजोबा, यांना ती कोण देतो? माजघरांतून ऐकूं आलेलें एक हंसूं, "या वयांत हें काय?" असा एक उद्गार, एवढ्यानें पेटीवर पुन्हां कापड पडतें आणि तें वर्षानुवर्षें निघत नाहीं. अशा घरांत सासूबाई दहा मिनिटें जवळ बसून ऐकतील, आणि "तो दुसरा आलाप कालच्यापेक्षां आज सरळ आला, तिसरा मात्र अजून घाईंत होतो" एवढेंच म्हणतील, तर त्या वाक्यानें पुढच्या महिन्याभराचा रियाझ होईल. तेवढीं दहा मिनिटें मात्र हातांतलें काम बाजूला ठेवून बसलें पाहिजे.